ट्रॅव्हल ट्रेलरमधील फर्नेसचे व्हेंट कसे आणि किती वेळा साफ करावेत? बाहेरून जाळी बसवावी का?

आपण जुना, वापरलेला ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचे फिरते घर) विकत घेतला आहे, थंडी सुरू होण्यापूर्वी त्यातील फर्नेसचे, म्हणजे गॅसवर आतली हवा गरम करणाऱ्या यंत्राचे, व्हेंट (हवा आणि धूर यांची बाहेरची तोंडे) साफ करायचे आहेत आणि गांधीलमाश्या आत शिरू नयेत म्हणून बाहेरून जाळी बसवण्याचा विचार आहे, असे आपण लिहिले आहे. तिसऱ्या मुद्द्याचे उत्तर आधी देतो, कारण तो माझ्या जिव्हारी लागलेला विषय आहे: जाळी बसवू नका. सबर्बनसारख्या मोठ्या फर्नेस-निर्मात्याच्या माहितीपुस्तिकेतही व्हेंटवर कोणत्याही कारणासाठी जाळी लावू नये, ती तुंबते आणि फर्नेस धोकादायक होते, असे स्पष्ट बजावलेले आहे.

आम्ही कोलोरॅडोत, डेन्व्हरजवळ राहतो. तीन वर्षांपूर्वी आम्ही ट्रेलर घेतला तेव्हा माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, ज्यांना आम्ही दाजी म्हणतो, ते मदतीला आले होते. ते स्वतः मेकॅनिकल इंजिनिअर आहेत आणि त्यांचा ट्रेलर आमच्या आधीपासूनचा आहे. त्यांनी बाजारात सहज मिळणारी स्टीलची बारीक जाळी आणली आणि फर्नेसच्या बाहेरच्या झाकणावर स्प्रिंगने घट्ट बसवून दिली. त्यामागचे कारण खोटे नव्हते. साताऱ्याच्या घरात चौकटीवर किंवा फोटोच्या मागे मातीची घरटी करणारी कुंभारीण आपण सगळ्यांनी पाहिली आहे. तिचीच जातभाई इथे फर्नेसच्या नळीत घरटे करते आणि त्यात अर्धमेले कोळी भरून ठेवते. १९९६ मध्ये डोमिनिकन प्रजासत्ताकाजवळ समुद्रात कोसळलेल्या आणि १८९ जणांचा बळी घेतलेल्या बोइंग ७५७ विमानाच्या वेगमापक नळीत अशाच माशीचे घरटे असावे, असा तपासकर्त्यांचा कयास होता. त्यामुळे दाजींची भीती मी कधीच हसण्यावारी नेली नाही. माझा वाद त्यांच्या उपायाशी आहे.

त्या उन्हाळ्यात ट्रेलर आमच्या घराशेजारी उभा होता. जून महिन्यात इथे कॉटनवुडच्या झाडांची म्हातारी (कापसासारखे तरंगणारे बी) इतकी उडते की कुंपणाच्या कडेला तिचे पांढरे ढीग साचतात. ती म्हातारी, धूळ आणि कोळिष्टके त्या जाळीत बसत गेली, आणि जाळी झाकणाच्या खोबणीत असल्यामुळे चार पावलांवरून काहीच दिसत नव्हते. सप्टेंबरच्या अखेरीस आई साताऱ्याहून आली होती आणि तिला वाळूच्या टेकड्या दाखवाव्यात म्हणून आम्ही ग्रेट सँड ड्यून्स राष्ट्रीय उद्यानातील पिन्यॉन फ्लॅट्स येथे मुक्काम केला. ही जागा सुमारे २,५०० मीटर उंचीवर आहे आणि तिथे ट्रेलरला विजेची जोडणी मिळत नाही, म्हणजे रात्रीची ऊब पूर्णपणे प्रोपेन आणि बॅटरी यांच्यावर अवलंबून असते. निजताना आईने डोके जड झाल्याचे सांगितले. आम्ही सगळ्यांनी ते उंचीमुळे असेल असे मानले, तिला पाणी प्यायला लावले आणि हवा खेळती राहावी म्हणून तिच्या उशाशी असलेली खिडकी दोन बोटे उघडी होती, ती तशीच ठेवली. ती खिडकी बरोबर फर्नेसच्या व्हेंटच्या वर होती, हे माझ्या लक्षात आले नाही.

रात्री अडीचच्या सुमारास कार्बन मोनॉक्साइड या विषारी, वास नसलेल्या वायूचा अलार्म वाजला. मी आईला उठवले तेव्हा ती उभी राहू शकत होती, पण तिला मळमळत होते आणि आपण कुठे आहोत हे तिला दोनदा सांगावे लागले. आम्ही सगळे बाहेर पडलो, गोधड्या घेऊन मोकळ्या हवेत बसलो आणि तिला थेट रुग्णालयात नेले. तिथे प्राणवायू दिल्यावर ती दुपारपर्यंत सावरली. इथल्या बहुतेक ट्रेलरांमध्ये असतो त्या प्रतीचा अलार्म दशलक्ष भागांत ७० भाग इतक्या प्रमाणाला एक ते चार तासांनी वाजतो आणि ४०० भागांना चार ते पंधरा मिनिटांत, हे मला नंतर कळले. म्हणजे अलार्म गप्प असताना आईचे दुखणारे डोके खरे बोलत होते, आणि आम्ही तिचे ऐकले नाही.

घरी परतल्यावर तंत्रज्ञाने झाकण काढले, तेव्हा जाळीवर म्हातारी आणि काजळी यांचा नमद्यासारखा थर होता. ट्रेलरच्या फर्नेसमध्ये बाहेरची हवा आत घेणारी आणि जळालेला वायू बाहेर टाकणारी अशी दोन्ही तोंडे एकाच झाकणात शेजारी असतात. जाळी तुंबली की बाहेर जायचा वायू झाकणातच घोटाळतो आणि शेजारच्या तोंडातून पुन्हा आत ओढला जातो, ज्योतीला प्राणवायू कमी पडतो, ज्वलन अर्धवट होते आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. तो वायू वरच्या उघड्या खिडकीतून आत आला.

दाजी आजही म्हणतात की दोष बॅटरीचा होता. रात्रभर पंखा चालून व्होल्टेज उतरले आणि म्हणून ज्वलन बिघडले. मी हे इथे सविस्तर लिहितो, कारण असे सांगणारे आपल्यालाही भेटतील. फर्नेसमध्ये सेल स्विच नावाचा एक छोटा स्विच असतो. पंख्याच्या वाऱ्याने त्याची पातळ पट्टी पुरेशी ढकलली गेली, तरच पुढे गॅसची झडप उघडते. बॅटरी उतरली की पंखा मंदावतो, पट्टी हलत नाही आणि ज्योत पेटतच नाही. पेटलेली असली तर गॅस बंद होतो. बॅटरी उतरल्यावर माणसे थंडीने कुडकुडतात, त्यांना विषबाधा होत नाही. आमची फर्नेस त्या रात्री पेटत होती आणि काजळी धरत होती.

आता सफाईविषयी. थंडीपूर्वी एकदा नीट, आणि ट्रेलर महिनाभर उभा राहिला असेल तर प्रत्येक प्रवासापूर्वी टॉर्च घेऊन एकदा, एवढे पुरेसे आहे. टाकीवरून गॅस बंद करावा, फर्नेसचा फ्यूज काढावा आणि ती पूर्ण थंड झाल्यावरच बाहेरच्या झाकणाचे स्क्रू काढावेत. मातीचे घरटे दिसले तर ते आत ढकलू नये. वाकवलेल्या तारेने कडेने फोडत, शेजारी व्हॅक्यूमची नळी धरून बाहेर ओढावे आणि उरलेली धूळ मऊ ब्रशने काढावी. झाकण परत बसवताना त्याची आतली नळी फर्नेसच्या नळीत नीट सरकली आहे आणि भोवतीचे सील फाटलेले नाही, हे पाहिल्याशिवाय स्क्रू आवळू नयेत. तोंडाशी काळी काजळी दिसली तर ती पुसून फर्नेस चालू करू नका, तंत्रज्ञाला दाखवा. आतल्या बाजूला परतीच्या हवेच्या जाळीवरचे केस आणि धूळ काढावी, ट्रेलरच्या जमिनीत बसवलेली, गरम हवा येण्याची झाकणे उचलून आत व्हॅक्यूम फिरवावा आणि फर्नेसशेजारच्या कप्प्यात सामान कोंबल्यामुळे लवचिक नळ्या चेपल्या नाहीत ना, ते पाहावे. त्यानंतर फर्नेस पंधरा मिनिटे चालवून बघावी.

कुंभारिणीसाठी मी आता वेगळा उपाय करतो. ट्रेलर उभा करून ठेवायचा असेल तेव्हा व्हेंटवर रंगकामाची निळी टेप लावतो आणि तसाच तुकडा थर्मोस्टॅटवर (फर्नेस चालू करण्याच्या, तापमानाच्या बटणावर) लावून त्यावर ‘आधी बाहेरची टेप काढा’ असे लिहितो, म्हणजे ती काढल्याशिवाय बटणाला हातच लागत नाही.

हे सर्व माझ्या एका फर्नेसच्या अनुभवावरून लिहिले आहे; आपल्या ट्रेलरमध्ये व्हेंटची रचना वेगळी असू शकते, म्हणून आपल्या मॉडेलची पुस्तिका आधी वाचावी. फ्रिज आणि गीझर यांच्या झाकणांना मी सांगितलेले जसेच्या तसे लागू करू नये. वापरलेल्या ट्रेलरसोबत आलेल्या अलार्मच्या मागे त्याची मुदत छापलेली असते. ती संपली असेल तर व्हेंट साफ करण्याच्याही आधी नवा अलार्म बसवावा.

दाजींच्या ट्रेलरवर ती जाळी अजून आहे. दिवाळीनंतर ते ताईला आणि दोन्ही मुलांना घेऊन न्यू मेक्सिकोला जाणार आहेत, आणि त्याआधीच्या शनिवारी मी स्क्रूड्रायव्हर घेऊन त्यांच्याकडे जाणार आहे, हे मी ताईला सांगून ठेवले आहे.