वाचकांचे प्रश्न : अंकात छापलेले शहर

प्रश्न (नेरूळ) : नवी मुंबईची कल्पना सरकारी कार्यालयात नव्हे, तर वास्तुकलेच्या एका मासिकात प्रथम मांडली गेली, असे आमच्या सोसायटीतील एक ज्येष्ठ गृहस्थ सांगतात. हे कितपत खरे आहे? आणि खरे असेल, तर आजच्या मासिकांकडून असे काही घडताना का दिसत नाही?

उत्तर : त्या गृहस्थांचे म्हणणे बऱ्याच अंशी खरे आहे. मात्र ते नियतकालिक मासिक नसून ‘मार्ग’ हे त्रैमासिक होते आणि ‘प्रथम’ हा शब्दही थोडा जपून वापरावा लागेल. ठाण्याच्या खाडीवर पूल बांधून मुंबईचा भार मुख्य भूमीकडे वळवावा, असा विचार १९५८ साली नेमलेल्या बर्वे अभ्यासगटानेही मांडला होता. परंतु पलीकडे नुसते उपनगर किंवा औद्योगिक वसाहत न उभारता स्वतःच्या रोजगारावर उभे राहणारे पूर्ण शहर वसवावे, ही मांडणी नकाशे आणि आकडेवारीसह सर्वांसमोर आली ती ‘मार्ग’च्या जून १९६५च्या अंकात. ती करणारे तिघे होते : वास्तुविशारद चार्ल्स कोरिया, वास्तुविशारद व नगररचनाकार प्रवीणा मेहता आणि स्थापत्य अभियंते शिरीष पटेल.

या घटनेत वेळेला फार महत्त्व आहे. मुंबई महापालिकेने बृहन्मुंबईच्या विकास आराखड्याचा मसुदा १९६४ मध्ये प्रसिद्ध केला होता. १९६१च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साडेएकेचाळीस लाखांच्या आसपास होती आणि ती झपाट्याने वाढत होती. तरीही कचेऱ्या दक्षिण टोकाला आणि राहती घरे उत्तरेकडे दूर दूर, ही मुंबईची मूळ ठेवण मसुद्याने तशीच गृहीत धरली होती. सकाळी सगळ्या गाड्या एका दिशेने भरून जाणार आणि संध्याकाळी उलट दिशेने, हे दुखणे उपनगरे आणखी लांबवून कमी होणार नव्हते, उलट वाढणार होते. या तिघांचा मुद्दा थोडक्यात असा की, शहर उत्तर-दक्षिण ताणत नेण्याऐवजी बंदराच्या पलीकडे, पूर्वेला, दुसरे केंद्र उभे करावे आणि राज्य सरकारची कार्यालये तेथे हलवून त्या शहराला पहिला धक्का द्यावा. महापालिकेला त्यांनी सूचना पाठवल्याच. पण अर्जाची फाइल जेथे अडकते तेथे छापलेला अंक अडकत नाही. तो अधिकाऱ्यांच्या, उद्योगपतींच्या आणि मंत्र्यांच्या टेबलावर जाऊन पडतो.

‘मार्ग’चा वाचकवर्ग नेमका तोच होता. मुल्कराज आनंद यांच्या संपादकत्वाखाली १९४६ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या या नियतकालिकाला टाटा समूहाचे पाठबळ होते आणि स्वतंत्र होऊ घातलेल्या देशाने घरे व शहरे कशी बांधावीत, हा त्याचा सुरुवातीपासूनचा विषय होता. पुढे ते प्रामुख्याने कलेतिहासाकडे वळले; पण १९६५चा अंक निघाला तेव्हा जुनी भूक शिल्लक होती. त्याच सुमारास राज्य सरकारने अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीनेही खाडीपलीकडच्या विकासाची आणि प्रादेशिक नियोजनाची शिफारस केली. १९६६ मध्ये महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम झाला, १७ मार्च १९७० रोजी हे शहर वसवण्यासाठी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली, आणि कोरिया तिचे मुख्य वास्तुविशारद म्हणून काम पाहू लागले. पटेल आणि मेहता हेही त्या कामात होते. म्हणजे एकट्या लेखाने शहर वसवले असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. पण लेख नसता, तर समितीच्या शिफारशीला इतका स्पष्ट आकार इतक्या लवकर मिळाला असता असे मला वाटत नाही.

छापलेल्यापैकी काय झाले नाही, हेही पाहिले पाहिजे. मंत्रालय हलले नाही, उलट नरिमन पॉइंटची भरणी आणि तेथील मनोरे वाढतच गेले. खाडीपूल १९७३ मध्ये झाला, पण मानखुर्दहून वाशीला लोकल पोहोचायला १९९२ साल उजाडावे लागले. वीस लाख लोकांसाठी आखलेल्या शहराला रेल्वेची एवढी वाट पाहायला लावणे हा माझ्या मते त्या योजनेवर झालेला सर्वांत मोठा अन्याय आहे.

दुसरा अन्याय मात्र योजनेच्या पोटातच होता. ज्या ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर आले, तेथील आगरी, कोळी, शेतकरी आणि मिठागरांवर राबणारी माणसे ‘मार्ग’ची वाचक नव्हती. तो अंक इंग्रजीत होता. नकाशावर जी जागा विरळ वस्तीची आणि म्हणून सोयीची दिसत होती, ती त्यांची भातशेती होती. त्यांचा आवाज पुढे छापील पानांतून नव्हे, रस्त्यावरून ऐकू आला. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात जासई परिसरात गोळीबार झाला आणि पाच जणांचा बळी गेला. त्यानंतर कोठे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ मालकांना परत देण्याचे धोरण आकाराला आले.

आता आपला दुसरा प्रश्न. आजची बहुतेक नियतकालिके बांधून झालेल्या वास्तू छापतात. त्यांची छायाचित्रे आणि माहिती बहुधा वास्तुविशारदाच्या कार्यालयातूनच येते आणि अंकाचा खर्च टाइल्स, नळ व फर्निचरच्या जाहिरातींतून निघतो. अशा व्यवस्थेत मजकूर कौतुकाचाच होणार. ‘मार्ग’ने जे छापले ते न बांधलेले होते, आणि ज्यावर अजून वाद घालता येत होता. तो फरक निर्णायक आहे.

प्रश्न (नाशिक) : वास्तुकलेच्या मासिकांतील घरे नेहमी रिकामी का असतात? भांडी, मुले, दोरीवरचे कपडे कोठे जातात?

उत्तर : छायाचित्रकार येण्यापूर्वी ते शेजारच्या खोलीत जातात. इमारत स्वतंत्र वस्तूसारखी दिसावी, हा त्यामागचा हेतू असतो आणि वास्तुविशारदालाही तेच हवे असते. या रूढीविरुद्ध सर्वांत मोठे बंड केले ते १८९६ पासून निघणाऱ्या लंडनच्या ‘आर्किटेक्चरल रिव्ह्यू’ने. सप्टेंबर १९६९ पासून वर्षभरात त्यांनी ‘मॅनप्लॅन’ या नावाचे आठ विशेष अंक काढले आणि त्यांसाठी वृत्तछायाचित्रकारांना बोलावले : गर्दी, काजळी, रांगा, कंटाळलेले चेहरे. व्यवसायातील अनेकांना ते रुचले नाही, वर्गणीदार रोडावले आणि मालिका थांबली. तरीही वास्तुछायाचित्रणाच्या इतिहासात ते अंक आजही काढून पाहिले जातात. रिकाम्या दिवाणखान्यांच्या एखाद्या अंकाला हे भाग्य लाभल्याचे मी पाहिलेले नाही.

प्रश्न (कोल्हापूर) : आम्ही काही तरुण वास्तुविशारद मराठीत त्रैमासिक काढू इच्छितो. परिभाषा नाही, रंगीत छपाई परवडत नाही. काय छापावे?

उत्तर : परिभाषेची चिंता सोडा. प्लॅन, सेक्शन, स्लॅब, बीम हे शब्द गवंड्यापासून घरमालकापर्यंत सर्वांना कळतात. रंगीत छपाईचीही गरज नाही. केरळात स्वस्त घरे बांधणारे वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी बांधकामाचा खर्च कसा कमी करावा हे सांगणाऱ्या पुस्तिका स्वतःच्या हस्ताक्षरात आणि साध्या रेखाचित्रांनी सजवल्या, आणि त्या वापरून लोकांनी घरे बांधली. आपल्याकडेही १९३०च्या दशकात पुण्याचे अभियंते आर. एस. देशपांडे मध्यमवर्गीयांसाठी घरांचे नकाशे असलेली पुस्तके प्रसिद्ध करत होते, त्यांतली बरीचशी इंग्रजीत. मराठीत अशा लेखनाला अजून बरीच जागा मोकळी आहे असे म्हणण्यास हरकत नाही. जुन्या अंकांचा अभ्यास करायचा असेल, तर १९८१ ते १९९२ या काळात निघालेल्या ‘मिमार’ या वास्तुकलेच्या नियतकालिकाचे ४३ अंक चाळा, आशिया व आफ्रिकेतील कामांवर कमी साधनांत किती नेमके लिहिता येते, ते त्यात दिसेल. ते ‘आर्कनेट’ या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात.

माझी सूचना मात्र वेगळी आहे. आपल्या परिसरातील ज्या नगरपालिकेचा विकास आराखडा मसुद्याच्या टप्प्यावर असेल, तो हरकती आणि सूचनांची मुदत संपण्यापूर्वी छापा. एरवी लोक नगरपालिकेत जाऊन फक्त आपला गट क्रमांक शोधतात, आरक्षण पडले नसेल तर सुस्कारा टाकून परततात. बाजारपेठ कोठे सरकणार, ओढ्याच्या पूररेषेत काय येणार, बायपासच्या पलीकडे शाळा आहे की नाही, हे कोणी सलगपणे सांगत नाही. ते चार पानांत, दोन पर्यायी रेखाटनांसह सांगा. ज्यांची शेती आराखड्यात आली आहे, त्यांच्याशी आधी बोला आणि त्यांचे म्हणणे त्याच अंकात, त्याच टायपात छापा. नकाशाखाली ‘एकास पाच हजार’ असे प्रमाण लिहून थांबू नका. पानाच्या आकारानुसार नकाशा लहान केला की ते चुकते. त्याऐवजी मोजपट्टी आखा, उत्तर दिशा दाखवा, आणि गावकरी ओळखतील अशी देवळे, विहिरी व एसटी थांबे त्यावर नावांनिशी लिहा.