अमेरिकेतलं 'अनइनकॉर्पोरेटेड' गाव चालतं कसं? निकोडेमसची गोष्ट

तुमचा प्रश्न असा आहे: अमेरिकेच्या नकाशावर काही छोट्या गावांच्या माहितीत 'अनइनकॉर्पोरेटेड कम्युनिटी' असं लिहिलेलं दिसतं. तिथे नगरपालिका नाही, महापौर नाही. मग त्याला गाव का म्हणायचं, आणि तिथला कारभार बघतं कोण?

आधी थोडक्यात सांगतो. ही बेकायदा वस्ती नसते आणि ती वाऱ्यावर सोडलेलीही नसते. आपल्याकडे वाडी कितीही लहान असली तरी ती कुठल्या ना कुठल्या ग्रामपंचायतीत येतेच, स्वतःची नसली तर गट ग्रामपंचायतीत. अमेरिकेत स्थानिक नगरशासन ही मागून घ्यायची गोष्ट आहे. रहिवाशांनी राज्याच्या कायद्याप्रमाणे अर्ज करायचा, बहुतेक ठिकाणी मतदान घ्यायचं, मग ते गाव कायद्याने 'सिटी' होतं. त्याला कर लावता येतो, नियम करता येतात. ज्यांनी हे मागितलंच नाही, किंवा मिळालेलं पुढे परत केलं, ती गावं अनइनकॉर्पोरेटेड. तिथे सगळं काउंटीकडे, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारख्या राज्याच्या विभागाकडे: पोलिसांच्या जागी काउंटीचा शेरीफ, जमिनीची दप्तरं काउंटीच्या कचेरीत, घरपट्टीही तिथेच. शाळेचं मंडळ वेगळं, त्याची हद्द वेगळी. कॅन्सस राज्यात काउंटीच्या खाली 'टाउनशिप' नावाची आणखी एक पायरी आहे. तिचे ट्रस्टी, क्लार्क आणि खजिनदार असे तीन निवडून आलेले पदाधिकारी असतात, आणि त्यांचा वेळ मुख्यतः खडीच्या रस्त्यांवर जातो.

आणि अशी वस्ती लहानच असते असंही नाही. लास व्हेगासची ती झगमगती कॅसिनोंची पट्टी बरीचशी लास व्हेगास शहरात नाहीच. ती 'पॅराडाइज' नावाच्या अनइनकॉर्पोरेटेड टाउनमध्ये आहे. पण तुम्ही विचारताय ते खेड्याबद्दल. मी कॅन्ससमध्ये राहतो आणि इथलं एक खेडं मला चांगलं ठाऊक आहे, त्यावरूनच सांगतो.

निकोडेमस हे वायव्य कॅन्ससमधल्या ग्रॅहम काउंटीत आहे. यूएस-२४ हा दुपदरी हायवे गावाला लागूनच जातो. २०२० च्या जनगणनेत इथली लोकसंख्या १४ भरली. गावाला स्वतःची कायदेशीर हद्द नसल्यामुळे जनगणनावाले मोजणीपुरती एक रेघ आपणच आखतात, तिच्या आतली ही १४ माणसं.

दक्षिणेला सॉलोमन नदीचा दक्षिण फाटा वाहतो. नदी म्हणून डोळ्यापुढे कृष्णा-गोदावरी आणू नका. कित्येकदा कॉटनवुडच्या झाडांची रांग दिसते तेवढ्यावरूनच खाली पाणी असेल असं समजायचं. बाकी सगळं उघडं, हलकं वरखाली होणारं गवताळ रान, आता बहुतेक गव्हाखाली. पाऊस वर्षाला साधारण ५०० मिलिमीटर, म्हणजे आपल्या माणदेशासारखाच हिशेब, वर हाडं गोठवणारा हिवाळा. अमेरिकेत शंभराव्या पश्चिम रेखावृत्ताला ओल्या आणि कोरड्या मुलखातली सीमा मानतात. ते इथून थोडंसंच पश्चिमेला आहे. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने माणशी १६० एकर जमीन मिळायची, पाच वर्षं कसून दाखवली की नावावर. पूर्वेकडच्या ओल्या जमिनीत १६० एकर म्हणजे चंगळ. इथे तेवढ्यात कुटुंबाचं भागणं कठीण. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता इतिहास. साल १८७७. गुलामगिरी कायद्याने जाऊन बारा वर्षं झाली होती, पण मुक्त झालेल्या माणसाच्या हातात जमीन आली नव्हती. पूर्वी गुलामगिरी असलेल्या दक्षिणेकडच्या राज्यांतली उरलीसुरली केंद्राची फौज त्याच वर्षी मागे घेतली गेली आणि तिथल्या काळ्या लोकांचं संरक्षणही गेलं. (जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक १८७३ मध्ये अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलं, हे आपल्याला माहीत असतं. त्या पुस्तकानंतर चारच वर्षांनी ती मुक्त झालेली माणसं घरदार सोडून जमीन शोधत कुठे निघाली होती, हे आपल्याकडे फारसं कोणी सांगत नाही.)

एप्रिल १८७७ मध्ये निकोडेमस टाउन कंपनी स्थापन झाली. अध्यक्ष डब्ल्यू. एच. स्मिथ, सचिव रेव्हरंड सायमन राउंडट्री, दोघेही काळे, आणि डब्ल्यू. आर. हिल हा जमिनीचा धंदा करणारा गोरा गृहस्थ. कागदावर चौकोनी गल्ल्या आखून प्लॉट पाडले गेले. पण अशी कंपनी नोंदवली म्हणजे नगरपालिका झाली असं नाही. ही निव्वळ प्लॉट विकणारी संस्था. हिल केंटकी राज्यातल्या काळ्या लोकांच्या चर्चमध्ये फिरला. तिथल्या लेक्सिंग्टनमध्ये निघालेलं एक पत्रक आजही टिकून आहे: ज्यांना ५ सप्टेंबर १८७७ ला कॅन्ससला जायचं असेल त्यांनी पाच डॉलर भरावेत. मला विचाराल तर हिल हा सरळसरळ एजंट होता. शेजारी बारा-चौदा मैलांवर हिल सिटी आहे, काउंटीचं मुख्य ठाणं. ते गावही त्यानेच काढलं आणि नावही त्याचंच. त्याच्या पत्रकातला सुपीक मुलूख आणि प्रत्यक्षातलं रान यातला फरक बघायला मात्र लोकांना तिथवर जावं लागलं.

सप्टेंबरमध्ये केंटकीहून सुमारे तीनशे लोक आले. रेल्वे एलिस या गावापर्यंतच. तिथून पुढे उत्तरेला पस्तीसेक मैल पायी, पोराबाळांसह, सामानासकट. पोचल्यावर दिसलं की घरं नाहीतच. इमारतीचं लाकूड नाही, त्यामुळे आधी आलेल्यांनी जमिनीतच बिळं केली होती. उताराच्या कडेत खोलीएवढा खड्डा खणायचा, पुढची भिंत गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या ढेकळांची, वर वासे, फांद्या, गवत आणि पुन्हा माती. जमिनीवर दिसतं ते फक्त धुराडं. १८७८ च्या वसंतात विलियाना हिकमन ही बाई नवऱ्याबरोबर केंटकीहून आली. तिची आठवण लिहून ठेवलेली आहे. सगळे 'ते बघा निकोडेमस' म्हणून आनंदाने ओरडले, तिला काहीच दिसेना. नवऱ्याने जमिनीतून निघणारे धूर दाखवले आणि म्हणाला, तेच निकोडेमस. तिला रडू कोसळलं.

काही कुटुंबं आल्या पावली परतली. बाकीच्यांना परतायलाही पैसे नव्हते. बैल-घोडे मोजकेच, फावडी-कुदळी घेऊन गवताची जमीन फोडायची. पहिल्या हिवाळ्यात शिकारीहून परतणाऱ्या ओसेज लोकांनी आपल्यातलं मांस दिलं, त्यावर बरेच जण तगले. सरपण म्हणून सूर्यफुलाची ताटं जाळायची.

आणि तरीही दहा वर्षांत इथे गाव उभं राहिलं. झॅकरी फ्लेचर पोस्टमास्तर झाला, पुढे त्याने सेंट फ्रान्सिस हॉटेल काढलं. त्याची बायको जेनी इथली पहिली शिक्षिका. १८८०च्या दशकात दुकानं, चर्च, बँक, आणि दोन-दोन वर्तमानपत्रं. शिकागोहून आलेला एडवर्ड मॅककेब इथून पुढे १८८२ मध्ये कॅन्ससचा राज्य लेखापरीक्षक (ऑडिटर) म्हणून निवडून आला. मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला राज्यपातळीवर निवडून आलेल्या अगदी पहिल्या काळ्या माणसांत त्याची गणना होते. पुढे तो ओक्लाहोमात गेला आणि तिथे लँग्स्टन नावाचं गाव वसवण्यात पुढे होता.

मग रेल्वे. या मुलखात ज्या गावाला रेल्वे ते गाव, हे सगळ्यांना ठाऊक होतं. १८८७ मध्ये निकोडेमस टाउनशिपने मिसुरी पॅसिफिक रेल्वेसाठी १६,००० डॉलरचे रोखे मंजूर केले. (नगरपालिका नसताना कर्ज कसं काढलं, तर असं: टाउनशिपच्या नावावर.) ती रेल्वे आलीच नाही. १८८८ मध्ये युनियन पॅसिफिकने रूळ टाकले ते नदीच्या पलीकडून, दक्षिणेच्या अंगाने. तिथे बोग नावाचं नवं गाव उठलं आणि निकोडेमसचे व्यापारी दुकानं गुंडाळून नदीपलीकडे गेले. काहींनी तर इमारतीच उचलून नेल्या.

निकोडेमसवरच्या बहुतेक लेखांत गोष्ट इथेच संपवतात: रेल्वेने मारलं. मला ते अर्धवट वाटतं. रेल्वे मिळालेल्या बोगचं काय झालं? आज तिथे दीडशेच्या आसपास लोक आहेत. अख्ख्या ग्रॅहम काउंटीत १९१० ला आठ हजारांवर माणसं होती, २०२० ला अडीच हजारसुद्धा नाहीत. म्हणजे जखम सगळ्या मुलखाला झालेली आहे. मघाशी म्हटलं ते १६० एकर इथे पुरत नव्हते. शेतं मोठी होत गेली, यंत्रं आली, माणसं कमी लागू लागली. १९३०च्या दशकातल्या धुळीच्या वादळांनी आणि मंदीने उरलेल्यांना हलवलं. रेल्वे नदीपलीकडून गेल्यामुळे निकोडेमसची पडझड लवकर सुरू झाली, एवढंच मी म्हणेन. उलट रेल्वे नसतानाही शेती करणारी काळी कुटुंबं इथे पिढ्यानपिढ्या टिकली, ते जास्त विचार करण्यासारखं आहे. १९५४ मध्ये ग्रीन बे पॅकर्स या व्यावसायिक संघाने खेळाडूंच्या निवडीत पहिल्याच फेरीत उचललेला अमेरिकन फुटबॉलपटू व्हेरिल स्विट्झर याच गावचा.

१९५३ मध्ये पोस्ट ऑफिस बंद झालं. अमेरिकेत अनइनकॉर्पोरेटेड गावाचं नाव कागदोपत्री जिवंत ठेवतं ते बहुधा पोस्टच, त्यामुळे हा घाव मोठा. आज निकोडेमसच्या पत्त्यावर पिनकोड लागतो तो बोगचा!

कागदोपत्री पुढे त्याला वाचवलं ते वेगळ्याच खात्याने. १९७६ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला आणि १९९६ पासून हा नॅशनल पार्क सर्व्हिस या केंद्रीय खात्याचा भाग आहे. पाच वास्तू त्यात धरल्या आहेत: दोन चर्च, सेंट फ्रान्सिस हॉटेल, शाळा आणि टाउनशिप हॉल. हा हॉल बघाच. १९३९ मध्ये मंदीच्या काळात सरकारी रोजगार योजनेतून, इथल्याच पिवळसर चुनखडीत बांधलेला. जवळ गेलं की दगडांवरचे छिन्नीचे घाव बोटाला लागतात. पार्कवाल्यांचं माहिती केंद्र त्यातच आहे. बाहेर निघालं की वॉशिंग्टन अॅव्हेन्यू वगैरे भारदस्त नावांचे रस्ते लागतात, दोन्ही बाजूंच्या प्लॉटवर गवत. १८७७ चा तो कागदी नकाशा जमिनीवर अजून ओळखू येतो.

जायचं असेल तर जुलैच्या शेवटच्या शनिवार-रविवारी जा. तेव्हा 'होमकमिंग' असतं, आपल्या गावजत्रेला मुंबईकर उतरतात तशी डेन्व्हरपासून कॅलिफोर्नियापर्यंत पांगलेली घरं परत येतात. मुळात हा १ ऑगस्टचा मुक्तिदिन, ब्रिटिश वसाहतींमधली गुलामगिरी १८३४ मध्ये त्या तारखेला कायद्याने संपली त्याचा. एरवी गेलात तर माहिती केंद्र कधी उघडं आहे ते आधी बघून ठेवा आणि पेट्रोल हिल सिटीत किंवा स्टॉकटनला भरून घ्या, गावात पंप नाही.