गोचीड काढल्यावर ताप: डॉक्टरांना आधी काय सांगायचं

ताई, तुम्ही लिहिलंय की उमरेडकडच्या गावी बाबांनी रविवारी बकऱ्यांच्या कानातले गोचीड हाताने काढले, नखाने चिरडले, मंगळवारपासून त्यांना ताप आहे आणि घरच्या ग्रुपवर ‘काँगो फिवर’चा मेसेज फिरतोय. मी पशुवैद्य आहे. माझी हयात नागपूर जिल्ह्यातल्या गोठ्यांत गेली. उपचार डॉक्टरच ठरवतील, पण त्यांच्यापर्यंत कोणती माहिती पोचायला हवी ते सांगतो.

त्या मेसेजमध्ये दोन वेगळे आजार एकत्र केलेत. माकडताप म्हणजे क्यासनूर जंगलाचा ताप. तो १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात माकडं मरू लागली तेव्हा सापडला आणि २०१६ च्या सुमारास आपल्या सिंधुदुर्गात त्याची मोठी साथ आली. तो जंगलातल्या गोचिडांचा आजार आहे, बाबांच्या बकऱ्यांशी त्याचा संबंध जोडू नका.

काँगो ताप वेगळा. भारतात तो २०११ मध्ये गुजरातेत अहमदाबादजवळ पहिल्यांदा सिद्ध झाला, आणि रुग्णावर उपचार करणारे डॉक्टर व परिचारिकाही त्यात दगावल्या. त्याचा विषाणू हायलोमा जातीच्या गोचिडांत राहतो. गाय-बकरीच्या रक्तात तो काही दिवस असतो, पण जनावर आजारी दिसत नाही. म्हणून ‘आमच्या बकऱ्या ठणठणीत आहेत’ यावरून काहीच ठरत नाही. गोचीड चावूनच लागण होते असंही नाही. चिरडलेल्या गोचिडाचा रस नखाजवळच्या चिरेत गेला तरी पुरतो. चाव्यानंतर बहुधा १ ते ३ दिवसांत ताप येतो, रक्ताच्या संपर्कातून आला तर ५-६ दिवसांनी, क्वचित १३ दिवसांपर्यंत.

म्हणजे तारखा पाहून काँगो ताप नाहीच असं म्हणता येणार नाही. तरीही आपल्या भागात अशा तापामागे डेंग्यू, मलेरिया आणि स्क्रब टायफस यांची शक्यता कितीतरी जास्त. यातला स्क्रब टायफस मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपास त्याने माणसं नेली. तो गवतातल्या बारीक किड्याच्या अळीमुळे होतो, ती डोळ्यांना दिसतही नाही, आणि चाव्यापासून तापापर्यंत साधारण १० दिवस जातात. तेव्हा फक्त रविवारचं विचारू नका. त्याआधीच्या दोन आठवड्यांत बाबांनी बांधावर चारा कापला का, झुडपात बसले का, तेही विचारा. काखेत, जांघेत, कंबरपट्ट्याखाली काळी खपली आहे का ते उजेडात पाहा. ती दुखत नाही, म्हणून माणूस स्वतःहून सांगत नाही. नसली तरी स्क्रब टायफस असू शकतो. त्यावर डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक चांगलं चालतं, पण वेळेत सुरू झालं तर. डॉक्टरांना ‘हा स्क्रब टायफस असू शकतो का’ असं थेट विचारा, त्यात संकोच नको.

प्लेटलेट या सगळ्यांतच कमी होतात. त्या आकड्यावरून डेंग्यू समजून बाकीचा विचार थांबतो, आणि मला भीती याचीच वाटते. केसपेपरवर ‘ताप, अंगदुखी’ एवढंच लिहिलं जातं, कारण बकऱ्यांचं कुणी बोलतच नाही. तुम्ही पहिल्याच वाक्यात सांगा: गोचीड चिरडले, अमुक दिवशी, हातमोजे नव्हते. मग डॉक्टर स्वतः हातमोजे घालतील, रक्त काळजीने घेतील, आणि संशय वाटला तर नमुना पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडे पाठवायची व्यवस्था होईल.

हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, अंगावर लाल-जांभळे ठिपके, काळी शौच, थांबत नसलेली उलटी, गुंगी यातलं काहीही दिसलं तर गावच्या दवाखान्यात वेळ घालवू नका, सरळ नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयात आणा. तोवर तापाला पॅरासिटामॉलच. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन नको, आणि कमरेवर डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन तर नकोच. गावात ते फार सहज टोचतात. रक्त गोठायला अडचण असेल तर त्याचा त्रास वाढतो. बाबांचं रक्त, उलटी कुणी उघड्या हाताने पुसू नये.

बाबांच्या अंगावर गोचीड चिकटलेला असेल तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल, चटका नको. हात साबणाने धुवा.

बकऱ्यांना आता हात लावू नका. गावच्या पशुधन अधिकाऱ्यांना फोन करून गोचीडनाशक मागा, मात्रा ते जनावराच्या वजनावर सांगतील. नुसतं अंगाला औषध लावून भागत नाही, हे गोचीड भिंतीच्या भेगांत दडतात, तिथेही फवारा लागतो. औषध दिल्यावर किती दिवस दूध-मटण टाळायचं तेही त्यांनाच विचारा. दूध उकळलेलं आणि मटण नीट शिजलेलं असेल तर त्यातून काँगो तापाची भीती नाही.

बाबांचा रक्ताचा आणि लिव्हरचा रिपोर्ट आला की इथेच टाका. रात्री उशिरापर्यंत मी जागा असतो.