डॉक्टरांना सांगितलेलं सरकारपर्यंत जातं का?

प्रश्न : सहा वर्षं मी नैराश्यावर गोळ्या घेतेय. आमच्या रुग्णालयाने आता सगळे केसपेपर संगणकावर चढवलेत. उद्या एखाद्या सरकारी खात्याने मागितले, तर माझी माहिती मला न विचारता देतील का? डॉक्टरांना यापुढे सगळं सांगूच नये, असं वाटू लागलंय.
– एक वाचक

उत्तर : ताई, आधी शेवटच्या वाक्याबद्दल. डॉक्टरांपासून लपवू नका. चालू गोळ्या माहीत नसताना दिलेलं दुसरं औषध जिवावर बेतू शकतं.

भीती मात्र खोटी नाही. इंग्लंडमध्ये आरोग्यसेवेकडचे रुग्णांचे पत्ते गृहखात्याला द्यायचे, असा करार २०१७ साली उघड झाला. परदेशातून येऊन विनापरवाना राहणाऱ्यांना शोधायचं होतं. आजाराची माहिती त्यात नव्हती. तरी आजारी माणसं दवाखान्याची पायरी चढायला घाबरतील, असं डॉक्टरांनी आणि खासदारांनी बजावलं. २०१८ मध्ये सरकारला तो करार मागे घ्यावा लागला.

न विचारता देता येतं का? काही वेळा, हो. न्यायालयाचा आदेश, गंभीर गुन्ह्याचा तपास, साथीचा रोग, यांसाठी बहुतेक देशांचे कायदे वाट ठेवतात. खरा वाद किती द्यायचं याचा असतो. फिनलंडमधल्या एका खटल्यात आरोपीच्या पत्नीचे एचआयव्हीचे कागद पोलिसांनी जप्त केले. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने १९९७ मध्ये ती जप्ती मान्य केली. पण निकालपत्रातून तिचं नाव आणि आजार जाहीर करणं, दहा वर्षांनी कागद सर्वांना खुले करणं, हे अमान्य केलं. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो.

मी २६ वर्षं रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात होते. एकदा एक अधिकारी मानसोपचार घेणाऱ्या एका बाईंची फाईल मागायला आले, तोंडीच. कोणत्या कायद्याखाली, कोणत्या तारखांचे कागद, ते लेखी आणा म्हटलं. चिडून गेले. आठवड्याने न्यायालयाचा आदेश आला, त्यात मागितली होती दोन पानं. फाईल होती एकशे चाळीस पानांची. उरलेल्या पानांत त्या बाईंनी रडत रडत सांगितलेलं सगळं होतं, माहेरचं, मुलांचं. ती पानं कपाटातून हलली नाहीत, याचं समाधान मला आजही आहे.

तेव्हा फाईल बाहेर काढायची तर रजिस्टरमध्ये सही लागे. संगणकावर ती दुरूनही उघडता येते, आणि अडवायला समोर कुणी नसतं. म्हणून रुग्णालयाला लेखी अर्ज द्या : माझी फाईल कोणी, कधी, कशासाठी उघडली याची नोंद राहते का, आणि ती मला दाखवाल का? मानसोपचाराच्या नोंदी इतर विभागांना दिसतात का, हेही विचारा. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. काय उत्तर आलं ते मला जरूर कळवा.