पाणी पडलं की प्रिंट का पसरते?

प्रश्न : मुंजीच्या पत्रिका घरच्याच इंकजेटवर साध्या कागदावर काढल्या, आणि राजवाड्याजवळ पावसात चार थेंब काय पडले, काकूंचं नाव निळं ओघळून गेलं. फोटो पेपरवरची मात्र जशीच्या तशी! असं का?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : काकू रागावल्या असतील तर आधी त्यांना दुसरी पत्रिका द्या! आता कारण, तुमच्या शाईतला रंग बहुतेक डाय असणार, म्हणजे पाण्यात साखरेसारखा विरघळलेला, आणि असे डाय पाण्यात बहुधा ऋण विद्युतभाराचे असतात, कागदाचे तंतूही ओले झाले की किंचित ऋणच, सारखे भार तर एकमेकांना दूर लोटतात, मग ते एकमेकांना घट्ट धरणार कसे, रंग नुसता तंतूंवर वाळून बसतो आणि थेंब पडला की परत विरघळून पाण्याबरोबर निघतो. इंकजेटच्या फोटो पेपरवर सिलिका किंवा अ‍ॅल्युमिनाचा बारीक छिद्रांचा थर असतो, त्यात बरेचदा धन भाराचं पॉलिमरही घालतात, ते डायला चुंबकासारखं खेचून पृष्ठभागावरच धरून ठेवतं, याला अधिशोषण म्हणतात (शोषण नव्हे, त्यात रंग आत मुरतो). म्हणून तिथे रंग उठूनही दिसतो. पुढच्या वेळी पिगमेंट शाई बघा, तिचे कण पाण्यात विरघळतच नाहीत, फक्त तुमच्या प्रिंटरला चालते का ते आधी विचारा.