अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात बदकांच्या शिकारीचा हंगाम सुरू आहे आणि आमची लॅब्राडॉर कुत्री तीन आठवड्यांत व्यायची आहे. तिला शिकारीला न्यावे का?

नाही, व्यायला तीन आठवडे उरलेल्या कुत्रीला गोळी लागून पडलेली बदके आणायला थंड पाण्यात उतरवू नये, मग ती दाराशी कितीही उतावीळ होऊन उभी राहो. कुत्रीचा गाभणकाळ सुमारे 63 दिवसांचा असून पिल्लांची वाढ शेवटच्या टप्प्यात झपाट्याने होते. अशा वेळी होडीवरून उडी घेताना पोटाला बसणारा मार आणि गारठलेल्या पाण्यात अंगातली ऊब टिकवण्यासाठी खर्च होणारी ताकद, हे दोन्ही तिला झेपण्यासारखे नसते. सपाट जमिनीवर पट्ट्याने थोडे थोडे फिरवणे पुरेसे आहे. शेवटच्या आठवड्यात गुदद्वारातील तापमान रोज मोजावे; ते 37.2 अंश सेल्सिअसच्या खाली उतरले, की बहुधा 24 तासांत वेणा सुरू होतात, आणि त्या दिवशी घरातील जाणत्या माणसाने पहाटेच शिकारीसाठी तळ्यावर निघून जाणे मला अगदीच गैर वाटते. व्याल्यावरही पहिले दोन-तीन आठवडे पिल्लांना स्वतःची ऊब राखता येत नाही, त्यामुळे आईला त्यांच्यापासून तासन्‌तास दूर ठेवू नये. गाभणपणाच्या पहिल्या महिन्यात मात्र, कुत्री धडधाकट असेल आणि तिला तपासणाऱ्या पशुवैद्यकाची हरकत नसेल, तर कोरड्या गवतात फेकलेली वस्तू आणण्याचा हलका सराव चालतो.