अंगणातली बाग : प्रश्न वाचकांचे

प्रश्न : ताई, आम्ही विजापूर रोडवरच्या एका सोसायटीतल्या सात-आठ जणी. गेल्या आषाढात वर्गणी काढून शंभर रोपं आणली आणि आसपासच्या घरांत वाटली. होळीपर्यंत त्यातली दहाही उरली नाहीत. यंदा रोपं वाटण्यापेक्षा लोकांना बागकाम शिकवावं असं ठरतंय. पण आमच्यात शेतकी शिकलेलं कुणी नाही. आम्ही शिकवावं का? आणि सुरुवात कुठून करावी?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : जरूर शिकवा. पदवीची काळजी करू नका. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात शहरातल्या बागवाल्यांचे प्रश्न इतके वाढले, की विद्यापीठाच्या, लोकांना शेती-बागेचा सल्ला देणाऱ्या विस्तार विभागातली माणसं पुरी पडेनात. तेव्हा १९७३ साली त्यांनी हौशी लोकांनाच शिकवून तयार केलं. अट एवढीच, की शिकलात त्याच्या बदल्यात काही तास लोकांच्या शंकांना द्यायचे. ‘मास्टर गार्डनर’ या नावाने ती पद्धत पुढे देशभर गेली. आपल्याकडे कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर तर गणिताचे प्राध्यापक. शेतीत प्रयोग करणाऱ्यांचा त्यांचा ‘प्रयोग परिवार’ उभा राहिला तोही स्वतः करून बघायचं आणि एकमेकांना कळवायचं, याच बळावर. तुम्ही एक पथ्य पाळा. जे स्वतःच्या कुंडीत केलेलं नाही, ते दुसरीला सांगू नका.

मी पहिल्या वर्षी साठ रोपं वाटली होती. पाडव्याला मोजायला गेले, तर नऊ जिवंत. फार वाईट वाटलं. मग घरोघर बसून विचारलं, तेव्हा कळलं की पाणी कुठून आणायचं हे मी कुणाला सांगितलंच नव्हतं. आपल्याकडे नळ चार-पाच दिवसांआड. पिंपातलं पाणी बाई आधी स्वयंपाकाला राखणार, आणि तेच बरोबर आहे. म्हणून मी आता रोपाच्या आधी बादली मागते. तांदूळ-डाळ धुतलेलं आणि भाजी धुतलेलं पाणी आठ दिवस त्या बादलीत जमवायचं, रोज संध्याकाळी दारातल्या एखाद्या जुन्या झाडाला घालायचं. ज्या घरात ही सवय लागते, तिथेच रोप द्यायचं. साबणाचं पाणी मात्र कुंडीत नको. त्यातल्या सोडियमने आपली काळी माती चोपण होते, मग तिच्यात पाणी मुरत नाही.

दुसरा धडा सुगडाचा. संक्रांतीची सुगडं घरात पडून असतात. रंग न दिलेलं सुगड मोठ्या कुंडीत गळ्यापर्यंत पुरायचं, पाणी भरायचं आणि वर पणती झाकायची. माती जशी सुकेल तसं ते पाझरतं. झाकण विसरू नका, डासांना तेवढंच पाणी पुरतं. काही जणी यासाठी गेल्या वर्षीचा माठ काढतात. पण जो माठ क्षारांनी छिद्रं बुजल्यामुळे पाणी गार करेनासा झाला, तो मातीत तरी कसा पाझरणार?

शिकवायला वर्ग भरवू नका, फळा तर नकोच. ज्यांना शिकायचंय त्यांच्या दारात जाऊन, त्यांच्याच घरातल्या वस्तू घेऊन बसा. सोलापूरच्या पूर्व भागात मी गेले तेव्हा तिथल्या बायका आपसात तेलुगूत बोलत होत्या. मी तासभर मराठीत सांगितलं, त्यांनी माना डोलावल्या, पुढे काही झालं नाही. दुसऱ्या खेपेला त्यांच्यातल्याच एका आजींना पुढे बसवलं. त्या विड्या वळतात. विड्यांच्या पानांची कातरण त्यांच्याकडे पोत्याने पडलेली. ती आम्ही कुंड्यांवर दोन बोटं जाडीने पसरली. झकास आच्छादन झालं. एक खबरदारी मी तिथेच सांगितली आणि तुम्हीही सांगा : तंबाखूतून मोझॅक या पानांवरच्या रोगाचा विषाणू हाताला लागून टोमॅटो-मिरचीवर जातो. विड्या वळून झाल्या की साबणाने हात धुऊनच रोपाला हात लावायचा, आणि कातरणीत तंबाखू मिसळू द्यायची नाही. आता त्या गल्लीत शिकवतात त्या आजीच, मी फक्त चहाला जाते.

आणि एप्रिल-मेमध्ये पुन्हा जा. पारा ४२च्या वर गेला की पश्चिमेच्या उन्हात कुंड्या भाजून निघतात. त्या दिवसांत शेजारी बसून जुनी साडी कशी बांधायची, कुंड्या एकमेकींना चिकटवून सावलीत कशा सरकवायच्या, हे करून दाखवलंत तर आषाढातल्या शंभर रोपांपेक्षा जास्त काम होईल. नवीन लावणी उन्हाळ्यात करूच नका. पहिल्या वर्षी कढीपत्ता आणि गवती चहा द्या, जमिनीत जागा असेल तर शेवगा. मेथी-पालक दिवाळीच्या सुमाराला.

प्रश्न : कुंडीतली माती दगडासारखी घट्ट होते, भेगा पडतात. पाणी घातलं की कडेने वाहून जातं.
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : नुसती काळी माती भरली असणार. शेतात ती सोनं आहे, ओल धरते म्हणून तर आपली रब्बीची ज्वारी तिच्यावर येते. कुंडीत मात्र मुळांना हवा मिळत नाही. एक भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट, आणि एक भाग शेंगांची चुरलेली टरफलं व विटांचा चुरा मिळून घ्या. आपल्याकडे टरफलांना काय तोटा! वरूनही पसरा, फक्त खोडाला टेकवू नका, वाळवी लागते.

दुसरं म्हणजे, ‘एक कोळपणी (वरची माती हलवणं), अर्धं पाणी’ हे आपले कोरडवाहू शेतकरी सांगतात, ते कुंडीलाही लागू आहे. सोलापूरच्या कोरडवाहू शेती संशोधन केंद्रात १९३३पासून ओल टिकवण्याचाच अभ्यास चालत आलाय. पाणी दिल्यावर वाफसा आला, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी झाली, की आच्छादन बाजूला सारून वरची बोटभर माती खुरप्याने हलवा, मग पुन्हा पसरा. भेगा बुजतात आणि खालची ओल उडून जात नाही.

प्रश्न : बाल्कनीत ओल्या कचऱ्याचं खत करते. वास येतो, शेजारी कटकट करतात. बंद करू का?
– एक वाचक, होटगी रोड

उत्तर : बंद करू नका. वास येतोय म्हणजे ओल जास्त आणि हवा कमी आहे. आज सगळं बाहेर काढून वर्तमानपत्रावर पसरा, त्याच्या दुप्पट वाळका पाला किंवा कडब्याची कुट्टी मिसळा आणि बादलीला खाली व बाजूंनी भोकं पाडा. उरलेली आमटी-भाजी त्यात अजिबात नको. आठवड्यातून दोनदा हलवत राहा. चार-पाच दिवसांत वास जाईल. मग शेजारच्या वहिनींना बोलावून झाकण उघडून दाखवा, आणि खत तयार झालं की पहिलं ओंजळभर त्यांच्या तुळशीला द्या.